धानातला तांदूळ, पडद्यामागचा संगणक

ऑल-इन-वन संगणकात पडदा, मुख्य सर्किट, साठवण, ध्वनिवर्धक, कॅमेरा असे सगळे एकाच कवचात बसवलेले असते. मराठी कचेऱ्यांत मात्र तो ओळखला जातो टेबलाखाली सीपीयू नसतो यावरून. सीपीयू हे नाव खरे तर नखाएवढ्या प्रक्रियकाचे. पण सेतू केंद्रापासून तहसिलीपर्यंत ते पत्र्याच्या उभ्या डब्यालाच चिकटले आहे. त्यामुळे असा संगणक पहिल्यांदा टेबलावर आला की कोणीतरी मागे वाकून पाहतो आणि विचारतो, "याचा सीपीयू कुठाय?" प्रश्न भाबडा वाटतो, पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला त्याच प्रश्नाचे हे बोलीतले रूप आहे. भाग एकत्र आले म्हणजे त्यांच्याहून वेगळी अशी एक वस्तू जन्माला येते, की वस्तू म्हणजे भागांचा ढीग आणि वर चिकटवलेले एक नाव?

या यंत्राच्या बाबतीत त्याला आणखी एक प्रश्न येऊन मिळतो. दर काही वर्षांनी याचे रूप पालटते, आणि ते पालटण्याच्या कितीतरी आधीपासून पुढच्या रूपाविषयी तर्क सुरू होतात: पडदा मोठा होईल, पडद्याखालची रुंद पट्टी जाईल, कवच आणखी पातळ होईल. जे अजून झालेलेच नाही त्याच्याविषयी केलेले विधान नेमके कशाविषयी असते? येणारे रूप आजच्या यंत्रात दडून बसलेले आहे, की ते नव्यानेच आरंभले जाणार आहे? दर्शनांच्या परिभाषेत हा सत्कार्यवाद आणि असत्कार्यवाद यांच्यातला झगडा होय.

सत्कार्यवाद सांख्यांचा. कार्य हे कारणात आधीपासून असतेच, उत्पत्ती म्हणजे फक्त त्याचे उघड होणे, असे सांख्य मानतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेवरील टीकेत वाचस्पती मिश्रांनी याला साधी उदाहरणे दिली आहेत: तीळ पिळले की तेल निघते, धान कांडले की तांदूळ निघतो. दुसरे उदाहरण गोंदिया जिल्ह्यात समजावून सांगावे लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला भात म्हणतात त्याला इकडे धान म्हणतात, आणि या भागाची ओळखच राईस मिलची आहे. गिरणीत रबराच्या दोन रोलरांमधून धान गेले की तूस सुटते, पुढे पॉलिशमध्ये कोंडा उतरतो, चाळणीवर कणी वेगळी होते. या सगळ्या खटाटोपात गिरणी तांदूळ निर्माण करत नाही, त्याच्या अंगावरचे आवरण तेवढे काढते. धान हलके असेल तर गिरणी कितीही चांगली असली तरी तांदूळ भारी निघत नाही. सांख्यांना नेमके हेच म्हणायचे आहे: वाटेल त्यातून वाटेल ते निघत नाही, म्हणून जे निघते ते आत होतेच.

नैयायिक आणि वैशेषिक यांना हे पटत नाही. त्यांचे लाडके उदाहरण सूत आणि कापड यांचे. त्यासाठीही फार लांब जावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी ज्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, तिथल्या आंधळगावात कोशाचे कापड विणले जाते. न्यायमताने धागे हे कापडाचे समवायी कारण, धाग्यांचा एकमेकांशी होणारा संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, माग, धोटा ही निमित्त कारणे. कापड धाग्यांत आधी नव्हते. असते तर धाग्याच्या रिळाने अंग झाकता आले असते, आणि विणकराला मजुरी कशाची द्यायची हाही प्रश्न आला असता. संयोग घडला आणि अवयवी नावाचे नवे द्रव्य आरंभले गेले. म्हणून या मताला आरंभवाद असेही म्हणतात. याचा एक कठोर परिणाम नैयायिक डोळे उघडे ठेवून स्वीकारतात. असमवायी कारण नष्ट झाले, म्हणजे संयोग मोडला, की ते द्रव्यही नष्ट होते. तेच धागे पुन्हा दुसऱ्या विणीने विणले तर जे तयार होते ते दुसरेच कापड.

यंत्राचे रूप पालटणे म्हणजे प्रामुख्याने असमवायी कारण बदलणे. भाग तेच किंवा जवळपास तेच, त्यांची मांडणी वेगळी. तेव्हा या दोन मतांपैकी कोणते टिकते ते एखाद्या यंत्राच्या इतिहासावर तपासून पाहता येते. ॲपल कंपनीचा आयमॅक त्यासाठी सोयीचा आहे, कारण नाव न बदलता त्याने जितकी रूपे घेतली तितकी दुसऱ्या कोणत्या घरगुती संगणकाने क्वचितच घेतली असतील.

त्याचा पूर्वज म्हणजे जानेवारी १९८४ मधला मॅकिंटॉश: नऊ इंची कृष्णधवल पडदा, त्याच पेटीत सगळे, आणि उचलायला वर खाच. १९९८ मध्ये आयमॅक आला तो अर्धपारदर्शक निळसर-हिरव्या प्लास्टिकचा, काचेच्या जाड नळीचा, फुगीर. सपाट पडदे स्वस्त होऊ लागले तेव्हा पुढचे रूप कोणालाही सुचण्यासारखे होते: पडदा पातळ करायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या पाठीला लावायचे. रचनाकार जोनाथन आइव्ह यांनी तसा नमुना करूनही दाखवला. स्टीव्ह जॉब्ज यांनी तो नाकारला. दोघे जॉब्ज यांच्या घरामागच्या बागेत फिरत असताना सूर्यफुले पाहून नवी कल्पना निघाली, अशी हकीकत त्या दोघांच्या संदर्भात नोंदलेली आहे. जॉब्ज यांचा आक्षेप वाचताना एखाद्या स्वभाववाद्याची आठवण होते: प्रत्येक घटकाने आपल्या प्रकृतीप्रमाणे राहावे. पडदा पातळ आहे, त्याच्या पाठीवर ओझे कशाला? चकती फिरवणारे यंत्र आडवे राहू पाहते, त्याला उभे का करायचे? म्हणून जानेवारी २००२ मध्ये जो आयमॅक आला त्यात संगणक अर्ध्या घुमटासारख्या पांढऱ्या बैठकीत होता आणि पडदा पोलादी दांड्यावर सूर्यफुलासारखा डोलत होता.

ऑगस्ट २००४ मध्ये, म्हणजे तीन वर्षेही पुरी व्हायच्या आत, त्याच कंपनीने सपाट पडद्यामागे सगळा संगणक उभा बसवलेला आयमॅक जाहीर केला. जे घटकांच्या प्रकृतीविरुद्ध म्हणून नाकारले गेले होते तेच आता स्वाभाविक ठरले, आणि नंतरचे सगळे आयमॅक त्याच मांडणीवर उभे आहेत. २००७ मध्ये कवच ॲल्युमिनियमचे झाले, २०१२ मध्ये कडा ५ मिलिमीटरवर आली.

सत्कार्यवादाची या ठिकाणी चांगलीच अडचण होते. २००१ साली टेबलावर पडलेल्या भागांत सूर्यफूल होते की पाटी होती? नाकारलेला नमुना आणि स्वीकारलेले यंत्र यांचे समवायी कारण जवळपास एकच होते. भागांकडे पाहून दोन्ही रूपे संभवनीय दिसत होती. धानातून मात्र कधी तांदूळ आणि कधी गहू निघत नाही.

सांख्य-योगाकडे याला उत्तर नाही असे नाही. योगसूत्रांच्या कैवल्यपादात शेतकऱ्याचा दृष्टांत सुचवला आहे आणि व्यासभाष्यात तो उलगडला आहे: एका शेतातले पाणी दुसऱ्या शेतात न्यायचे तर शेतकरी ते हाताने ढकलत नाही, फक्त बांध फोडतो, पाणी आपल्या गुणाने वाहते. निमित्त कारण काही निर्माण करत नाही, अडथळा दूर करते. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्याला हे रोजचे आहे. बांधीची धुरी कुठे फोडायची ते तो ठरवतो, पण उतार त्याच्या हातात नसतो. यंत्रांनाही उतार असतो, आणि तो उष्णतेचा, किमतीचा, पुरवठ्याचा असतो. २०२१ चा २४ इंची आयमॅक ११.५ मिलिमीटर जाडीचा झाला तो एम१ या थंड चालणाऱ्या चिपमुळे. त्या चिपमध्ये प्रक्रियक आणि चित्रप्रक्रियक एकाच तुकड्यावर आले होते, स्मृतीही त्याच वेष्टनात बसली होती. आत पोकळी उरली नाही म्हणून कवच आत सरले. या एका पायरीपुरते तरी सांख्यांचे म्हणणे खरे मानावे लागते. तांदूळ धानात होता, तूस काढायचे तेवढे राहिले होते. अर्थात त्याच वेळी वीजपुरवठ्याची वीट कवचातून बाहेर काढून वायरीवर टाकण्यात आली आणि इथरनेटचे छिद्रही तिच्यातच गेले. सगळे एकात म्हणवणाऱ्या यंत्राने एक गाठोडे टेबलाखाली सोडले.

तर्काचे प्रमाण म्हणून मोल काय, हा पुढचा मुद्दा. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या पूर्ववत् अनुमानात कारणावरून कार्य ओळखले जाते. भाष्यकार वात्स्यायनांचे उदाहरण ढग दाटून आले की पाऊस पडणार, हे. मृगाच्या ढगांनी फसवलेला शेतकरी या उदाहरणावर काय म्हणेल ते सांगायला नको. नैयायिकांनाही ही शंका सुचलेली होती. म्हणून नंतरच्या ग्रंथांत नुसत्या कारणाऐवजी सामग्री, म्हणजे सगळी कारणे एकत्र आणि प्रतिबंध नाही अशी स्थिती, ही अट आली. पुढच्या संगणकाविषयीचे तर्क पडदे बनवणारा कारखाना, चिपचे वेळापत्रक, एखादे पेटंट अशा एकेका कारणावर उभे असतात. सामग्री कोणाच्याच हाती नसते.

दुसरे प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताचे वचन. वात्स्यायनांनी आप्ताची केलेली व्याख्या मोठी नेमकी आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. यंत्राच्या भविष्याबाबत ही व्याख्या मधोमध दुभंगते. रचना करणाऱ्यांनी वस्तू जाणलेली असते पण सांगण्याची त्यांना मुभा नसते. सांगणाऱ्यांची इच्छा दांडगी असते, पण त्यांनी पाहिलेला असतो एखादा भाग. चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचे केसोबासांनी जे संकलन केले त्या दृष्टांतपाठात हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत आहे. एकेकाच्या हाताला एकेक अवयव लागतो आणि तोच त्याला हत्ती वाटतो. त्या आंधळ्यांची बाजू तरी भक्कम होती, कारण हत्ती समोर उभा होता. पुढच्या वर्षीचा संगणक चाचपणाऱ्यांसमोर अवयवीच नसतो.

नसलेल्या वस्तूचीही न्यायशास्त्राने वर्गवारी केली आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार येतात. १८९७ मध्ये मुंबईत निघालेल्या आठल्ये-बोडस आवृत्तीमुळे हे पुस्तक महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. त्यातला पहिला अभाव प्रागभाव: वस्तू होण्यापूर्वीचे तिचे नसणे. याला आरंभ नाही पण शेवट आहे, वस्तू झाली की तो संपतो. तो राहतो कुठे? वस्तूच्या समवायी कारणात. घडा होण्यापूर्वी घड्याचा प्रागभाव त्याच्या कपालांत, म्हणजे ज्या दोन तुकड्यांपासून तो होणार त्यांच्यात असतो. या हिशेबाने पुढच्या आयमॅकचा प्रागभाव आज कुठल्यातरी कारखान्यातल्या काचेत आणि पत्र्यात वस्तीला आहे. पण जी वस्तू पुढे कधीच होणार नाही तिला प्रागभाव नसतो. तिचा अभाव अत्यंताभाव, ना आरंभ ना शेवट. २७ इंची आयमॅक मार्च २०२२ मध्ये विक्रीतून काढून घेतला गेला. त्याच्या मोठ्या वारसाविषयी तेव्हापासून बोलले जाते ते यांपैकी कोणत्या अभावाविषयी? वारस आला तर प्रागभावाविषयी, नाही आला तर अत्यंताभावाविषयी. आणि आज या दोहोंत फरक दाखवणारी कोणतीही खूण उपलब्ध नाही. ॲरिस्टॉटलने उद्याच्या आरमारी लढाईविषयीच्या विधानावर जी अडचण मांडली ती हीच, पण तिथे ती विधानाच्या खरेखोटेपणात अडकते. नैयायिक ती वस्तूच्या नसण्याच्या जातीत नेऊन सोडतात, आणि हा मार्ग जास्त उपयोगी वाटतो. कारण मग तर्क खोटा ठरत नाही, तो निराधार ठरतो.

बौद्धांचे म्हणणे अगदी निराळे. भिक्खू नागसेन आणि यवन राजा मिलिंद यांच्या संवादात रथाचा प्रश्न येतो: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने रथ हा केवळ व्यवहाराचा शब्द होतो. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला या राजाचे नाव मिळाले, म्हणजे संवादात एरवी उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नव्हे तर प्रश्न विचारणाऱ्याचे. "याचा सीपीयू कुठाय?" म्हणणारा कारकून त्याच परंपरेतला.

नागसेनाच्या बाजूने बाजारातला एक पुरावा ठेवता येतो. ज्या महिन्यात २७ इंची आयमॅक गेला त्याच महिन्यात त्याच कंपनीने २७ इंची स्टुडिओ डिस्प्ले आणला. त्यात कॅमेरा आहे, ध्वनिवर्धक आहेत, आणि आत ए१३ चिप आहे. आयफोन ११ ज्यावर चालत असे तीच. म्हणजे पडदा आणि संगणक एकाच कवचात. तरी त्याला ऑल-इन-वन कोणी म्हणत नाही, तो मॉनिटरच. भाग मोजून नाव ठरत नाही, वापरावरून ठरते, हे याहून स्वच्छ कसे दाखवायचे?

नैयायिकांना एवढे मान्य करूनही आपले मत सोडावे लागत नाही. न्यायसूत्रांत पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती असा तिहेरी सांगितला आहे. जिच्यावरून जाती कळते ती आकृती: गळ्याची पोळी, शिंगे, खूर अशा रचनेवरून गाय ओळखू येते. जिथे अशी जाती सापडत नाही पण व्यवहाराला एक शब्द लागतो, तिथे ते उपाधी मानतात. त्यांचे उदाहरण पाचकत्व. जो स्वयंपाक करतो तो पाचक. त्याची उंची, रंग, कुळी यांविषयी त्या शब्दातून काहीच निघत नाही. आयमॅकच्या पाव शतकाच्या इतिहासात फुगीर नळी, घुमटावरचे फूल आणि पातळ पाटी या तिन्ही आकृती एकाच नावाखाली आल्या. ज्या शब्दाला ठरलेली आकृतीच नाही तो जातीचा शब्द नव्हे. ऑल-इन-वन ही उपाधी आहे, पाचकासारखी. म्हणून त्या नावाच्या आत पुढे उमलणारा कोणताही स्वभाव नाही, आणि त्या स्वभावाच्या भरवशावर केलेले भाकीत चालत नाही. काच किती पातळ मिळेल, चिप किती तापेल, हे भागांचे अंदाज पूर्ववत् अनुमानाने बऱ्यापैकी बांधता येतात. भागांची गाठ कशी मारली जाईल ते मात्र भागांत लिहिलेले नसते.

याच्या नेमकी उलट स्थिती बिरसीला पाहायला मिळते. गोंदिया शहराजवळच्या या गावी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली. आता तिथे विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून उभारलेली वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे, आणि मार्च २०२२ पासून प्रवासी विमानेही उतरू लागली. प्रशिक्षणाच्या डायमंड डीए४० विमानांत गार्मिन जी१००० ही पडद्यांची यंत्रणा असते. जुन्या विमानांत वैमानिकासमोर सहा गोल तबकड्या असत: वेग, क्षितिज, उंची, वळण, दिशा, चढउतार. त्या सहाही समोरून गेल्या आणि त्यांच्या जागी एक पडदा आला. पण पडद्यावर काय रेखाटले आहे पाहावे तर वेगाची पट्टी डावीकडे, क्षितिज मधोमध, उंचीची पट्टी उजवीकडे, दिशा क्षितिजाखाली. तबकड्यांची मांडणी जशी होती तशीच. संगणकात भाग राहिले आणि गाठ बदलली. विमानात समोरचे भाग गेले, आकृती तेवढी राहिली. ती का राहिली याचे उत्तर यंत्रात सापडत नाही, ते वैमानिकाच्या डोळ्यांत सापडते: वेगाकडून क्षितिजाकडे, तिथून उंचीकडे अशी नजर फिरवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेलेली असते. न्यायाच्या भाषेत ही आकृती निमित्त कारणाने जपली.

समोरच्या दोन पडद्यांपैकी एक काळा पडला तर मधले लाल बटण दाबायचे, की दुसऱ्या पडद्यावर सगळे येते. दोन्ही गेले तर? तेवढ्यासाठी याच विमानात वेग, क्षितिज आणि उंची दाखवणाऱ्या तीन वेगळ्या तबकड्या अजून बसवलेल्या असतात. उंचीची तबकडी विजेवर चालतच नाही. बाहेरच्या हवेच्या दाबाने आतली पत्र्याची डबी फुगते किंवा आक्रसते आणि काटा हलतो.